तुम्ही विचारलंत म्हणून: जुनी कार्ट्रिज खरंच वेगळी वाजते का?

रेकॉर्ड ऐकतो म्हटलं की हा प्रश्न हमखास येतो, की इतक्या चांगल्या नवीन कार्ट्रिज (रेकॉर्डच्या खोबणीतून सुईने आवाज उचलणारा तो छोटा भाग) मिळत असताना तुम्ही पन्नास-साठ वर्षं जुन्या डिझाइनच्या मागे का लागता, आवाज खरंच वेगळा असतो की नुसता नॉस्टॅल्जिया?

वेगळा असतो. जास्त चांगला असतो असं मात्र मी म्हणणार नाही, आणि जे छातीठोकपणे म्हणतात त्यांच्याशी वाद घालणं सोडून दिलंय.

माझी लाडकी डेनॉन डीएल-१०३, मूव्हिंग कॉइल प्रकारची, म्हणजे सुईबरोबर तारेची कॉइल हलते ती. साठच्या दशकात जपानच्या एनएचके या ब्रॉडकास्टरसाठी बनवलेली, आणि डिझाइन इतकं टिकलं की ती पुढेही बनतच राहिली. रोज राबवायची वस्तू म्हणून दणकट, सुईचं टोक साधं गोल, रेकॉर्डवर सुईचा भार अडीच ग्रॅमच्या आसपास ठेवायचा आणि सुईची दांडी धरणारं सस्पेन्शन चांगलंच कडक. टोनआर्म (ज्या हाताच्या टोकाला कार्ट्रिज बसते तो) आणि कार्ट्रिज मिळून ज्या फ्रिक्वेन्सीला आपोआप थरथरतात तो रेझोनन्स साधारण ८ ते १२ हर्ट्झमध्ये यायला हवा, पण असली कडक कार्ट्रिज हलक्या टोनआर्मवर लावली की तो वर सरकतो, बास नीट बसत नाही, आणि मग लोक म्हणतात हिचं उगाच नाव झालंय. जड आर्मवर लावून ऐका ना एकदा! गाणाऱ्याचा गळा असा भरीव समोर येतो की मागचे बारीक तपशील थोडे हरवले तरी मला चालतं.

हरवतात हेही खरंय. सुई रेकॉर्डच्या मधल्या लेबलकडे जाते तसा एका फेऱ्याचा घेर लहान होतो, तेवढ्याच वेळाचा आवाज कमी लांबीत कोंबावा लागतो, गोल टोक त्या बारीक वळणांत शिरत नाही आणि 'स', 'श' चरचरतात. इलिप्टिकल, म्हणजे लंबगोल टोकाची सुई तिथे सरस. आणि सत्तरच्या दशकात सीडी-४ या क्वाड्राफोनिक (चार चॅनलच्या) रेकॉर्डसाठी ४५ किलोहर्ट्झपर्यंत वाचायची गरज पडली त्यातून आलेलं शिबाता टोक तर फारच पुढचं.

मूव्हिंग मॅग्नेटची, म्हणजे ज्यात कॉइल स्थिर असते आणि सुईबरोबर चुंबक हलतो त्या प्रकाराची, गंमत वेगळीच. शुअरची व्ही-१५ आली १९६४ मध्ये, आणि २०१८ मध्ये कंपनीने कार्ट्रिज बनवणंच बंद केलं. या प्रकारात कॉइलचा इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला होणारा विरोध) भरपूर असतो, तो केबलच्या कपॅसिटन्सबरोबर (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेबरोबर) मिळून वरच्या फ्रिक्वेन्सीत एक उंचवटा काढतो आणि त्यापुढे आवाज उतरत जातो, म्हणजे नुसती केबल बदलली तरी तीच कार्ट्रिज कधी झगझगीत वाटेल कधी मऊ. ज्याला सगळे व्हिंटेज वॉर्म्थ म्हणतात त्यातला बराचसा भाग हा आहे, जादू वगैरे काही नाही.

आणि काही वेळा तर तो नुसता म्हाताऱ्या रबरचा आवाज असतो. कँटिलिव्हर, म्हणजे सुईची बारीक दांडी, ज्या रबरवर टेकलेला असतो ते वर्षानुवर्षांत कडक होतं, सुई डब्यात न वापरता पडून असली तरी होतं. त्यामुळे सीलबंद जुन्या सुईसाठी दुप्पट पैसे मोजणारे बघितले की मला कसंतरीच होतं. मूव्हिंग मॅग्नेटमध्ये निदान सुई ओढून काढायची आणि नवी बसवायची एवढंच काम, मूव्हिंग कॉइल असेल तर रीटिप करणारा, म्हणजे सुईचं टोक बदलून देणारा कारागीर शोधा. नव्या सुईने आवाज बदलतो, हो, पण मूळ आवाज कसा होता हे त्या कडक रबरमधून तरी कुठे कळत होतं?

तेव्हा जुनी मूव्हिंग मॅग्नेट घ्यायचीच असेल तर सुईकडे बघूच नका, मल्टीमीटर लावून दोन्ही चॅनलच्या कॉइलचा रेझिस्टन्स तपासा, जवळपास सारखा आला तर बॉडी घ्या आणि नव्या सुईचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवा.