पोपवर दाबलेला पेपर

सदाशिव पेठेत शनिवारी माझा तैलरंगाचा वर्ग असतो. येणारे बहुतेक निवृत्त. प्रत्येकाला लगेच व्यक्तिचित्र करायचं असतं आणि मी आधी जुन्या चित्रांच्या नकला करायला लावतो, त्यामुळे कुरकुर ठरलेली. सार्जंटसारखा नावाजलेला अमेरिकन चित्रकार १८७९ मध्ये माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात जुन्या स्पॅनिश चित्रकाराच्या, व्हेलास्केझच्या, चित्रांच्या नकला करत होता, हे सांगितलं की ती जरा कमी होते.

वर्गातल्या एक काकू मात्र कुरकुरल्या नाहीत. जन्मभर पाटबंधारे खात्यात नकाशे काढलेले. नक्कल म्हटल्यावर त्या खूशच झाल्या. त्यांनी निवडला व्हेलास्केझचा पोप इनोसंट दहावा, १६५० च्या सुमारास रोममध्ये रंगवलेला. छापील चित्रावर चौकोन पाडून त्यांनी तो कॅनव्हासवर असा उतरवला की नाक-डोळे तसूभर हलले नव्हते. फक्त मूळचा तो संशयी, समोरच्याला जोखणारा माणूस गायब होता. खुर्चीत लाल कपड्यांतले कुणाचे तरी आजोबा बसले होते.

पापणी, नाकपुडी, ओठ, कॉलर, सगळ्यांच्या कडा सारख्याच धारदार. भाव डोळ्यांत असतो असं आपण म्हणतो, पण रंगवताना तो डोळ्यांच्या कोपऱ्यात आणि ओठांच्या टोकांशी सापडतो. तिथे ठाम रेघ मारली की चेहरा गोठतो.

ऑगस्टची दमट हवा, रंग ओलाच होता. लंडनच्या स्लेड कलाशाळेत हेन्री टाँक्स नावाचे शिक्षक होते, आधीचे शल्यविशारद. काम थांबवताना ओल्या चित्रावर कागद दाबून वरचा जादा रंग उचलायचा, ही युक्ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मी काकूंकडे पेपर मागितला.

"आजचा? अहो सर, शब्दकोडं राहिलंय अजून!"

शब्दकोड्याचं पान बाजूला काढून उरलेला पेपर चेहऱ्यावर ठेवला, तळहाताने दाबला आणि हळूच सोलला. फ्लॅटच्या जाहिरातीवर उलटा पोप उमटला. कॅनव्हासवर रंगाचा पातळ थर उरला होता, कडा एकमेकींत मिसळलेल्या, पापण्या गेलेल्या. आणि नजर आली होती! सगळा वर्ग उठून बघायला आला.

"आता बघतोय माझ्याकडे," काकू म्हणाल्या. "पसंत दिसत नाही मी त्याला."

मग त्यांचे बारीक ब्रश काढून घेतले आणि हॉगहेअरचा, म्हणजे डुकराच्या राठ केसांचा, रुंद फ्लॅट ब्रश दिला. रंग पॅलेटवरच नीट जुळवायचा, एकदा लावायचा, परत त्यावर फिरवायचा नाही. कपाळावरचा उजेड जाड, सावल्या पातळच. मध्येच मी विसाव्या शतकातल्या फ्रान्सिस बेकन या चित्रकाराचं सांगितलं: याच पोपची कितीतरी चित्रं त्याने छापील प्रतींवरून केली, रोमला जाऊनही मूळ चित्र बघायला गेला नाही.

"मग मला चौकोन कशाला पाडायला लावलेत?"

प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, कुठे सैल सोडायचं हे कळायला आधी जागा पक्क्या लागतात. त्यांना ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

पुढच्या शनिवारी त्या ट्रिपल झिरोचा, अगदी बारीक टोकाचा ब्रश घेऊन आल्या आणि एका डोळ्याला पापण्या घातल्याच. दुसऱ्यापाशी मात्र आपणहून थांबल्या. आता त्यांना बालगंधर्व रंगमंदिरातली गोपाळ देऊसकरांची दोन चित्रं करायची आहेत, बालगंधर्व एकात पुरुषवेषात, एकात स्त्रीवेषात. तिथे जाताना पट्टी घरी ठेवायची, एवढी अट मी घातली आहे.