कॉलेज तेच, फी वेगळी

खासगी कॉलेज म्हणजे पैसेवाल्यांचं, हे महाराष्ट्रात अर्धंच खरं आहे. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं आणि जागा तालुक्यांपर्यंत पोचल्या. डोनेशनही त्याच दारानं आलं. १९८७ च्या कॅपिटेशन फी बंदी कायद्यानं ते संपलं, असं छातीठोकपणे कोण म्हणेल?

आज खरी मेख वेगळी आहे. एकाच बाकावरच्या दोघी, दोघींच्या घरचं उत्पन्न सारखं, पण एकीची ट्यूशन फी माफ आणि दुसरीला पूर्ण. कारण पहिली कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतून आली, दुसरी संस्थास्तरावरच्या, म्हणजे कॉलेजनं स्वतः भरलेल्या जागेवर.

जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमाची ट्यूशन व परीक्षा फी पूर्ण माफ आहे. विनाअनुदानित कॉलेजंही यात येतात. मॅनेजमेंट कोटा, संस्थास्तरावरचे प्रवेश, खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं मात्र बाहेर. म्हणून कॅपमध्ये 'अजून चांगलं मिळेल' म्हणत मिळालेली जागा सोडून शेवटी संस्थास्तरावर जाणं फार महागात पडतं. ब्रोशरवर 'युनिव्हर्सिटी' लिहिलं असेल तर ती कोणत्या प्रकारची, हे आधी विचारा.

फीचा आकडा कॉलेजच्या काउंटरवरून घेऊ नका. शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर त्या कॉलेजची, त्या वर्षाची मंजूर फी पाहा. त्यात ट्यूशन आणि डेव्हलपमेंट फी असते. माफी फक्त ट्यूशन आणि परीक्षा फीची; डेव्हलपमेंट, होस्टेल, बस, मेस हे सगळं आपल्याच खिशातून. 'फी माफ' ऐकून निघालेल्या घराचा हिशेब इथेच चुकतो.

या माफीसाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर करायचा अर्ज अडतो तो बहुधा दोन ठिकाणी. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जुना निघतो. किंवा आधार बँकेत 'दिलेलं' असतं, पण डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, त्या खात्याशी जोडलेलं नसतं. बँकेत जाऊन 'आधार सीडिंग झालंय का' असंच विचारा. आणि दरवर्षी नूतनीकरण करा, ते आपोआप होत नाही.

काही कॉलेजं म्हणतात, सरकारचे पैसे उशिरा येतात, तुम्ही आधी भरा. त्यांची अडचण खोटी नसते, पण पात्र मुलीकडून माफ झालेली फी आगाऊ मागायची नसते. मागितलीच तर ती मागणी लेखी द्यायला सांगा. मूळ कागदपत्रंही पडताळणी झाली की परत घ्या, ती अडकवून ठेवायचा अधिकार कॉलेजला नाही.