पिस्तूल लवकर ठरले, नाव ठरेना

न्यू जर्सीत राहून घरासाठी आणि अंगावर बाळगण्यासाठी पिस्तूल घ्यायचे म्हटले की ओळखीचे लोक आधी कंपनी, माप आणि गोळी यांबद्दल विचारतात. मला या तिन्ही प्रश्नांची उत्तरे नेमबाजीच्या रेंजवर मजेत मिळाली. जीव खाल्ला तो आमच्या गावच्या पोलीस ठाण्यातील परवान्यांच्या खिडकीने, आणि तोही लग्नानंतर माझे पहिले नाव का बदलले, या एकाच मुद्द्यावर. हा राग अजून गेलेला नाही, त्यामुळे तो या लिखाणात मधूनमधून दिसेल.

आमचे किराणा मालाचे दुकान आहे आणि आठवड्यातून बऱ्याच रात्री ते मीच बंद करते. रोकड घेऊन गाडीपर्यंत एकटीने जावे लागते. शिवाय भारतीय घरांत सोने असते हे चोरांनाही आता पाठ झालेले आहे. पूर्वी या राज्यात सामान्य माणसाला पिस्तूल अंगावर बाळगण्याचा परवाना मिळणे जवळजवळ अशक्य होते, कारण तशी खास निकड आहे हे अर्जदाराला सिद्ध करावे लागे. २३ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कच्या एका प्रकरणात अशी अट घटनाबाह्य ठरवली, तेव्हा ती इथेही गेली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात राज्याने नवा कायदा करून प्रशिक्षण, चार जामिनदारवजा ओळखीचे लोक आणि २०० डॉलर शुल्क अशा नव्या अटी आणल्या. त्यानंतरच मी हा विषय गांभीर्याने हाती घेतला.

माझा ओढा पहिल्यापासून जुन्या घडणीकडे होता. जॉन ब्राउनिंगने घडवलेले आणि २९ मार्च १९११ रोजी अमेरिकी लष्कराने स्वीकारलेले पिस्तूल, ज्याला इथे सगळे 'नाइन्टीन इलेव्हन' म्हणतात, ते आजही कितीतरी कंपन्या बनवतात आणि त्याचा सरळ मागे सरकणारा हलका चाप नंतरच्या फार थोड्या पिस्तुलांना साधला आहे. दुसरे मनात होते ते ब्राउनिंगचेच हाय-पॉवर. १९२६ साली तो वारल्यावर बेल्जियममध्ये द्यूदोने सेव्ह याने ते पूर्ण केले आणि १९३५ पासून ते वापरात आले. मात्र हाय-पॉवरचा लौकिक त्याच्या तेरा गोळ्यांच्या मॅगझिनवर, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या डबीवर, उभा आहे आणि न्यू जर्सीत २०१८ पासून दहापेक्षा जास्त गोळ्यांचे मॅगझिन बाळगणे हा गुन्हा आहे. म्हणजे त्याचा मोठेपणा इथे कायद्यानेच कापून टाकला आहे. याउलट नाइन्टीन इलेव्हनला गोळ्या कमी मावतात ही नेहमीची तक्रार या राज्यात फारशी उरत नाही, कारण सगळ्यांनाच दहावर आणून बसवले आहे. एकेरी रांगेच्या मॅगझिनमुळे ते चपटे राहते आणि कमरेला लावल्यावर सदऱ्याखाली कमी उठून दिसते, हा वरचा फायदा.

माप ठरवताना पाच इंची नळीचे पोलादी पिस्तूल मी रेंजवर पुष्कळ चालवले. ते हातात असताना सुखाचे असते, परंतु रिकामे असतानाच सुमारे एक किलो शंभर ग्रॅम भरते आणि बारा तास काउंटरमागे उभे राहणाऱ्या बाईच्या कमरेला ते झेपत नाही. साडेतीन इंची नळीचे लहान भावंड हलके असले तरी त्याच्या स्लाइडला, म्हणजे वरच्या सरकत्या भागाला, मागे जायला जागा थोडी मिळते, त्यामुळे ते स्प्रिंगच्या आणि गोळीच्या बाबतीत नखरे करते. म्हणून मी सव्वाचार इंची 'कमांडर' मापाचे, ॲल्युमिनियमच्या फ्रेमचे आणि नऊ मिलिमीटर गोळीचे पिस्तूल घेतले. ४५ची (०.४५ इंच व्यासाची) गोळी म्हणजेच खरे नाइन्टीन इलेव्हन असे मानणारे बरेच आहेत. त्यांचा मान ठेवूनही सांगते की नऊ मिलिमीटरचा धक्का निम्मा वाटतो, गोळ्या स्वस्त पडतात आणि त्यामुळे सराव होतो.

लहान हातांच्या लोकांनी एक गोष्ट विकत घेण्याआधी तपासावी. या पिस्तुलाच्या मुठीच्या मागे एक पट्टी असते, ती तळहाताने दाबली गेल्याशिवाय गोळी सुटत नाही. अंगठा वरच्या सेफ्टीवर, म्हणजे चुकून गोळी सुटू नये म्हणून लावायच्या कळीवर, ठेवला की माझ्यासारख्यांचा तळहात त्या पट्टीपासून केसभर उचलला जातो. रेंजवर भाड्याच्या पिस्तुलाचा चाप मी दाबला आणि काहीच झाले नाही, तेव्हा प्रशिक्षकाने माझ्या हाताकडे बाजूने पाहून ती फट दाखवली. ज्या मॉडेलांत पट्टीच्या खालच्या भागाला उंचवटा दिलेला असतो, त्यांत ही अडचण राहत नाही. चापही आखूड मागावा. पहिल्या महायुद्धानंतर लष्कराने लहान हातांच्या सैनिकांसाठी नेमकी हीच सुधारणा केली होती आणि आता मात्र बऱ्याच कंपन्या पुन्हा लांब चाप बसवतात.

खरेदीचा परवाना, म्हणजे एका पिस्तुलासाठी एक याप्रमाणे मिळणारा कागद, गावचे पोलीस देतात. अर्ज ऑनलाइन भरायचा, बोटांचे ठसे द्यायचे आणि मानसिक आरोग्याच्या नोंदी तपासण्यास संमती द्यायची. ठसे आणि शुल्क यांत काहीच अडले नाही. कायद्यात राज्यातील रहिवाशाच्या अर्जावर तीस दिवसांत निर्णय द्यावा असे स्पष्ट लिहिलेले आहे.

अर्जात आजवर वापरलेली सर्व नावे लिहावी लागतात. मी ती लिहिली. माहेरचे पूर्ण नाव आणि सासरचे पूर्ण नाव यांत आमच्या पद्धतीप्रमाणे एकही शब्द समान नाही: लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेले नवे नाव, मधे वडिलांऐवजी नवऱ्याचे नाव आणि पुढे नवे आडनाव. इथे बायका लग्नानंतर आडनाव बदलतात हे खिडकीतल्या कारकून बाईंना माहीत होते, पण पहिले नावही बदलते हे त्यांच्या पचनी पडेना. पहिले नाव बदलायला न्यायालयाचा आदेश लागतो, तो आणा, असे त्या म्हणाल्या. तो आदेश अस्तित्वातच नाही, कारण अमेरिकेत मी कधी नाव बदललेच नाही. मी इथे आले ती नव्या नावाच्या पासपोर्टवर, ग्रीन कार्ड त्या नावाचे आणि नागरिकत्वाचे प्रमाणपत्रही त्याच नावाचे. हे मी शांतपणे सांगितले, नंतर कमी शांतपणे सांगितले.

मग माहेरच्या नावाची मानसिक आरोग्याची तपासणी काउंटीकडे (म्हणजे जिल्ह्याच्या कार्यालयाकडे) वेगळी पाठवली गेली. त्या नावाने मी या देशात एक दिवसही राहिलेले नाही, त्यामुळे काउंटीने काय शोधायचे हेच त्यांना कळेना आणि ते कागद 'माहिती अपुरी' म्हणून परत आले. परत आले हेही मला कोणी कळवले नाही. चौकशीला गेले की 'प्रक्रिया सुरू आहे' एवढेच उत्तर मिळे, आणि तीस दिवसांच्या कलमाचा उल्लेख केला की समोरची व्यक्ती सौजन्याने मान डोलावून पुढच्या माणसाला बोलावी. अर्ज असा भिजत पडलेला असताना दुकानातले गिऱ्हाईकही मला 'आले का?' म्हणून विचारू लागले होते.

शेवटी कोणता कागद चालेल हे मीच शोधले. माझ्या लग्नानंतर सासऱ्यांनी नावबदलाची सूचना महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात छापून आणली होती, कारण त्यांच्या मते सरकारी कागद नसलेले नाव म्हणजे वाऱ्यावरची वरात. तेव्हा आम्ही नवरा-बायको त्यांना हसलो होतो. सांगलीला भावाला फोन केला, त्याने आईच्या कपाटातून राजपत्राचे ते पान आणि विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र शोधून काढले. दोन्ही नावे एकाच पानावर, जुने आणि नवे, अनुक्रमांकासह. मूळ कागद कुरिअरने मागवले, मराठी मजकुराचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घेतले आणि ही दोन्ही नावे माझीच आहेत असे प्रतिज्ञापत्र नोटरीपुढे केले.

कारकून बाईंनी राजपत्राचे पान उलटेसुलटे करून पाहिले आणि हे 'वर्तमानपत्र' चालणार नाही असे सांगितले. मी त्या क्षणी खिडकीवरून हललेच नाही. आवाज चढवला नाही, पण वरिष्ठ अधिकाऱ्याशी बोलल्याशिवाय जाणार नाही एवढे सांगून बाकावर बसून राहिले. बऱ्याच वेळाने एक सार्जंट बाहेर आला. त्याने नागरिकत्वाचे प्रमाणपत्र, राजपत्र, भाषांतर आणि प्रतिज्ञापत्र अशी चारही पाने टेबलावर शेजारी शेजारी मांडली, जन्मतारीख आणि वडिलांचे नाव बोटाने जुळवून पाहिले आणि विचारले, "मग यात अडचण काय आहे?" मी त्याच्याकडे पाहिले आणि त्याने कारकून बाईंकडे. काउंटीला त्याने स्वतः फोन केला, माहेरचे नाव केवळ भारतातले आहे अशी टीप अर्जावर लिहिली, आणि परवाना लगेच पुढच्या आठवड्यात मिळाला. एवढ्या कामासाठी सगळा हिवाळा गेला होता.

म्हणून आपल्याकडच्या ज्या बायकांची नावे लग्नात बदलली आहेत त्यांनी अर्ज भरण्याआधीच राजपत्र, विवाह प्रमाणपत्र आणि भाषांतर तयार ठेवावे आणि पहिल्याच दिवशी अर्जासोबत द्यावे. वडिलांचे नाव आडनावासारखे लावणाऱ्यांनाही हाच सल्ला. आणि लेखी पोच घ्यावी. तोंडी 'चालेल' या शब्दाला त्या खिडकीत काडीचीही किंमत नसते.

अंगावर बाळगण्याचा परवाना वेगळा. नाव एकदा लागल्यामुळे त्यात पुन्हा तो खेळ झाला नाही. त्यात अडचण मित्रमंडळींची होती: नात्यातली नसलेली आणि किमान तीन वर्षे ओळखणारी चार माणसे द्यावी लागतात आणि आमच्या मराठी मंडळातल्या दोघांनी "अगं, कशाला हे?" म्हणून हसत हात वर केले. जे तयार झाले त्यांना येणारी प्रश्नावलीची ईमेल स्पॅममध्ये जाऊन पडते, तेव्हा त्यांना आदल्या दिवशीच फोन करून ठेवावा. प्रशिक्षणात नेमबाजीची चाचणीही असते, तिथे नऊ मिलिमीटरचा सराव कामी आला.

पिस्तुलाविषयी सांगायचे राहिले ते असे. नाइन्टीन इलेव्हन बाळगण्याची रूढ पद्धत म्हणजे गोळी नळीत, घोडा (चाप नव्हे, मागची हातोडी) मागे ओढलेला आणि सेफ्टी वर, म्हणजे लावलेली. पाहणाऱ्याला हे भयानक वाटते. माझ्या नवऱ्याला अजून वाटते. ज्यांना ते कधीच पटणार नाही त्यांनी सरळ दुसऱ्या प्रकारचे पिस्तूल घ्यावे, कारण घोडा खाली ठेवून ऐन वेळी तो ओढण्यात काही अर्थ नाही. घेताना फायरिंग पिनला, म्हणजे गोळीच्या बुडावर आदळणाऱ्या सुईला, अडथळा देणारी रचना आहे का, की कंपनीने हलकी पिन आणि कडक स्प्रिंग यांवर भागवले आहे, हे विचारावे, कारण पिस्तूल हातातून पडले तर फरक तिथे पडतो. स्लाइड ओढायला जड जात असेल तर पिस्तूल रिकामे आहे याची खात्री करून आधी घोडा मागे घ्यावा, मग स्लाइड निम्म्या जोरात सरकते. पोकळ टोकाच्या गोळ्या या राज्यात घरात ठेवता येतात, मात्र अंगावर बाळगताना चालत नाहीत. जुन्या घडणीची पिस्तुले मुळात गोल टोकाच्या गोळीसाठीच आखलेली असल्याने मला त्याचा त्रास झाला नाही. होल्स्टरही (पिस्तुलाचे म्यान) कायद्याने आवश्यक आहे, आणि तो पिस्तुलाइतकाच निवडून घ्यावा. घरात मुले असतील तर बोटाच्या ठशाने उघडणाऱ्या पेटीपेक्षा यांत्रिक बटणांची पेटी बरी, कारण हिंगहळदीच्या पोत्यांत हात घालून आलेल्या माझ्या बोटांना ती पहिली पेटी ओळख देत नव्हती.

खरेदीचा परवाना साधारणपणे ९० दिवसच चालतो, तेव्हा तो हातात येण्याआधीच पिस्तूल ठरवून दुकानात सांगून ठेवावे. माझ्या दुकानदाराने अनामत न घेता ते बाजूला ठेवले होते, कारण पोलीस ठाण्यात अर्ज अडकलेली गिऱ्हाईके त्याच्या वहीत माझ्या आधीही बरीच होती.