होळीनंतरचा जाळ

होळी जळाली, थंडी पळाली, असं म्हणतात. पाचगणीच्या थंडीला हे कुणी कळवलेलं दिसत नाही. पाडवा तोंडावर आला तरी संध्याकाळी स्वेटर लागतोय, आणि काल तर भरदुपारी गारा पडल्या. गारा वेचायला मी अंगणात धावलो आणि लगेच ओशाळून पडवीत परतलो, कारण कुंपणापलीकडे शेजाऱ्यांचा स्ट्रॉबेरीचा वाफा आहे आणि ते डोक्यावर पोतं घेऊन त्याच्याकडे बघत उभे होते. खाली वाईत लोक पंखे पुसून तयार झालेत. पसरणी घाट चढून सुमारे १३०० मीटरवर आलं की आमच्या मागच्या पडवीत चूल पेटलेली.

ही चूल स्वयंपाकाची नव्हे. स्वयंपाक आत गॅसवर होतो. ही नुसती पुढ्यात बसायची चूल. निमित्त म्हणून वर पाण्याचं पातेलं असतं, आणि ते निमित्त फार महत्त्वाचं. आपल्याकडे माणूस रिकामा बसलेला कुणाला बघवत नाही. गॅलरीत अर्धा तास गप्प बसून पाहा, घरातलं कुणीतरी येऊन ‘बरं वाटत नाहीये का?’ विचारतंच. चुलीपुढे दोन तास बसा, कुणी हटकत नाही. मधूनमधून एखादं लाकूड पुढे सारलं की तुम्ही कामात.

ही युक्ती मला पुण्याच्या वाड्यात सापडली. आमच्याकडे तांबट आळीतून ठोकून घेतलेला बंब होता. मार्च-एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा, पहाटे उठवलं जायचं, आणि पहाटेचा गारवा तेव्हा पुण्यातही परीक्षा संपेपर्यंत टिकायचा. मी बंबाचं काम मागून घेतलं. मांडीवर पुस्तक, नजर जाळावर. ‘काय चाललंय रे?’ आजोबा आतून विचारायचे. ‘बंब बघतोय.’ यावर कुणाकडे उत्तर नसायचं, कारण बंब बघावाच लागतो. गरम पाणी काढलं की तेवढंच गार ओतायला हवं. आत पाणी नसताना जाळ राहिला तर सांधा सुटतो, आणि मग आळीत पुन्हा खेप. भूमितीपेक्षा हे कितीतरी जबाबदारीचं काम होतं.

बंबाच्या पोटात काहीही जायचं. नारळाच्या शेंड्या, करवंट्या, वखारीतल्या ढलप्या, खुर्चीचा मोडका पाय. परीक्षा संपली की वह्या. वही मी एकदम टाकत नसे. एकेक पान फाडायचं, वाचायचं, मग घालायचं. भूगोलाची वही वर्षभरात इतकी मन लावून कधी वाचली नव्हती. ‘अक्षर सुधारा’ असा लाल शाईतला शेरा असलेली पानं आधी जायची. विस्तव फुरफुरला की आजी म्हणायची, पाहुणे येणार. वाड्यात पाहुणे रोजच यायचे, त्यामुळे तिचं भाकीत कधी चुकलं नाही.

आता बंब नाही, वाडाही नाही. पण जाळाबद्दलचा आगाऊपणा माझ्यात उरलाय. पेटवताना रॉकेल नको, दुधाची पिशवी तर मुळीच नको. लाकूड वाळलेलंच हवं. नुकत्या तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असतं; आग बिचारी आधी ते पाणी आटवत बसते, दुसऱ्या टोकाला फेस येतो आणि आपण डोळे चोळत बसतो. पाचगणीत सिल्व्हर ओक मोप. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, इंग्रजांच्या काळात इथे आला आणि रमला. वारा सुटला की फांदी टाकून मोकळा होतो. गेल्या वळवात पडलेली फांदी मी पत्र्याखाली रचून ठेवली होती, ती आता निघतेय. जळतो भसाभसा, विझतोही तसाच. बाभळीची सर नाही. म्हणून वाईहून येताना गाडीच्या डिकीत बाभळीच्या फाट्या असतात आणि किराणा मागच्या सीटवर.

सगळ्यात राग येतो तो ढोसणाऱ्यांचा. पाहुणे ऊब घ्यायला म्हणून बसतात, हाताशी काटकी आली की निखारे उकरायला लागतात. चांगला बसलेला जाळ कशाला उकरायचा? लहान मुलांना हे सांगता येतं. मोठ्यांना सांगता येत नाही, म्हणून त्यांच्या हातातली काटकी घेऊन मी ती चुलीत घालतो.

काकू मात्र पडवीत येत नाही. या घरात सून म्हणून आली तेव्हा हीच चूल तिच्या वाट्याला होती. पावसाळ्यात चार-चार महिने ओलं जळण, फुंकणी, आणि भिंतीला काजळी. तिच्या खोकल्यासाठी साताऱ्याला नेलं होतं तेव्हा छातीचा फोटो बघून डॉक्टरांनी विचारलं, ‘आजी, विडी ओढता का?’ काकू खूप हसली होती. घरी आल्यावर हे तिने सगळ्यांना सांगितलं, अजूनही सांगते.

काल मी फुफाट्यात कांदे भाजले. एक सोलून, मीठ लावून तिला आत नेऊन दिला. तिने तो आवडीने खाल्ला. मी म्हटलं, ‘चल ना बाहेर, काय मस्त शेक आहे.’

‘दार ओढून घे आधी, धूर आत येतोय,’ ती म्हणाली. ‘आणि सिलिंडर नोंदवलास का रे?’