झ्यूग्माची वही: तिसरा महिना

इंग्रजीतले सगळे अलंकार एकाच वहीत गोळा करतोय, असं मागच्या वेळी कळवलं होतं. ते बंद केलं. अनाफोरा, लिटोटीझ, किआझमस करत चाळीस पानं भरली आणि लक्षात आलं, की आपण नुसत्या व्याख्या उतरवतोय. दहावीची उजळणी बरी. आता वही एकट्या झ्यूग्माची. आजअखेर २३ नोंदी, त्यातल्या ९ खोडल्या. 'किल्ल्या हरवल्या आणि पाकीट हरवलं' असल्या नुसत्या याद्या होत्या त्या.

नव्या मंडळींसाठी: एका क्रियापदाला दोन नामं जुंपायची, एक सरळ अर्थाने, दुसरं भलत्याच. 'जुंपायची' हा शब्द मुद्दाम वापरला. ग्रीकमध्ये झ्यूग्मा म्हणजे जोडणी. त्याच मुळातून संस्कृतात युग (म्हणजे जोखड) आलं, आणि त्या युगाचं मराठीत झालं बैलाच्या मानेवरचं जू. (तुर्कस्तानात युफ्रेटिसच्या काठी याच नावाचं प्राचीन नगर होतं. २००० साली त्याचा काही भाग धरणाच्या पाण्याखाली गेला. वहीशी याचा काही संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवेना.)

काटेकोर मंडळी इथे भांडतात. शेक्सपिअरच्या 'हेन्री द फिफ्थ'मधला वेल्श फ्लुएलेन 'ब'ला 'प' म्हणतो आणि ओरडतो, 'किल द पॉइज अँड द लगेज!' पोरांना मारता येतं, सामानाला कसं मारणार? क्रियापद एकालाच लागू पडलं, तर तो खरा झ्यूग्मा. दोघांना वेगवेगळ्या अर्थाने लागू पडलं, तर सिलेप्सिस. असं धरलं तर माझी बहुतेक वही सिलेप्सिसचीच निघते. दोन्ही प्रकार वेगळे दिसावेत म्हणून लाल आणि निळं पेन घेतलं, वहीचं नाव मात्र बदललं नाही.

या महिन्याची कमाई म्हणजे इंग्रज कवी अलेक्झांडर पोप. 'द रेप ऑफ द लॉक' या त्याच्या काव्याची पाच सर्गांची आवृत्ती १७१४ची. त्यात हॅम्प्टन कोर्टमधल्या अ‍ॅन राणीबद्दल तो म्हणतो, 'डस्ट समटाइम्स काउन्सेल टेक, अँड समटाइम्स टी.' (तेव्हा 'टी'चा उच्चार 'टे' होत असे, म्हणून आधीच्या ओळीतल्या 'ओबे'शी यमक जुळतं.) मराठीत करून पाहिलं: 'कधी सल्ला घेते, कधी चहा.' आपलं 'घेणे' दोन्हीकडे चपखल! अर्धा तास मी हवेत होतो.

मग सरळ वाक्य लिहिलं, 'ती कधी सल्ला आणि कधी चहा घेते', आणि सगळी हवा गेली. इंग्रजीत क्रियापद दोन्ही नामांच्या आधी येऊ शकतं. पोपने वृत्तासाठी 'काउन्सेल'ला 'टेक'च्या पुढे काढलंय, पण चहाला शेवटपर्यंत दडवून ठेवलंय. जू आधीच मानेवर असतं, आणि दुसरा बैल म्हणून भलतंच जनावर येऊन उभं राहतं. मराठीत दोन्ही जनावरं आधी दिसतात, जू मागून. म्हणून दुसरं नाम क्रियापदाच्या पलीकडे ढकलायचं. बोलताना आपण हे सहज करतो, लिहिताना हात अडतो.

एवढ्यावर भागलं नाही. स्वतःचं पहिलं वाक्य जुळवलं: 'पाहुण्यांनी निरोप घेतला आणि माझी छत्री.' कानाला खटकतं. छत्री घेतली जाते, घेतला नव्हे. भूतकाळात क्रियापद कर्माचं लिंग पाळतं, त्यामुळे दोन्ही नामं एका लिंगाची हवीत. इंग्रजीवाल्यांना हा जाच नाही. छत्री पुसून चार्जर लिहिला: 'पाहुण्यांनी निरोप घेतला आणि माझा चार्जर.' बसलं. त्याच चालीवर 'साहेबांनी बैठकीत भाव खाल्ला आणि माझा समोसा.' मार, भाव, हवा, शिव्या, लाच: 'खाणे' या क्रियापदाची एक वेगळी वही होईल. दीपक अलंकार याच्या जवळचा आहे, असं एका मित्राचं म्हणणं. एका क्रियापदाला अनेक जण बांधलेले, इथवर पटतं. पण दीपकाला हसवायचं नसतं.

अडलोय डिकन्सपाशी. त्याच्या 'पिकविक पेपर्स' या कादंबरीत पत्त्यांत हरलेली मिस बोलो तडक घरी जाते, 'इन अ फ्लड ऑफ टिअर्स अँड अ सेडान-चेअर'. सगळा भार एका 'इन'वर. आपल्याकडे प्रत्यय प्रत्येक नामाला वेगळा चिकटतो: 'अश्रूंच्या पुरात आणि मेण्यात'. जू एकच राहत नाही, प्रत्येक बैलाला स्वतंत्र. 'रडत आणि मेण्यात' करून पाहिलं. दोन्हीकडे 'त' ऐकू येतो, पण एक 'त' क्रियापदाचा आणि दुसरा सप्तमीचा. ही फसवणूक लाल पेनात धरायची की निळ्या? सध्या पेन्सिलीने लिहून ठेवलंय. कुणाला याहून बरं काही सुचलं तर कळवा.