अरीथाच्या डेट्रॉइटमध्ये एक रविवार

ताई गेली पंधरा वर्षं अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हीत राहते. भावोजी मोटारींच्या कंपनीत आहेत, आजूबाजूला मराठी घरं भरपूर, गणपतीत आरतीला उभं राहायला जागा पुरत नाही. तिथून डेट्रॉइट शहर अर्ध्या-पाऊण तासावर. पण लिनवूड रस्त्यावरच्या न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चमध्ये ती कधी गेली नव्हती. निघण्याआधीच मी फोनवर तिला सांगून ठेवलं होतं, "एक रविवार माझा. अरीथा फ्रँकलिनसाठी." अरीथा म्हणजे अमेरिकेतली थोर सोल गायिका, आणि हे तिच्या वडिलांचं चर्च.

सकाळी चर्चला जाण्याआधी मी तिला गाडी क्रायस्लर फ्रीवेवर घ्यायला लावली. "इथे काय बघायचंय?" ती म्हणाली. खरंच काही दिसत नाही. खाली खोदलेला रस्ता, दोन्ही बाजूंना काँक्रीट, भरधाव गाड्या. इथेच हेस्टिंग्ज स्ट्रीट होता. कृष्णवर्णीयांची दुकानं, हॉटेलं, गाण्याचे अड्डे आणि अरीथाचे वडील रेव्हरंड सी. एल. फ्रँकलिन यांचं मूळचं न्यू बेथेल चर्च. हा फ्रीवे करताना ती अख्खी वस्ती उठवली. 1963मध्ये चर्च लिनवूडवर एका जुन्या थिएटरच्या इमारतीत आलं. त्याच वर्षीच्या जूनमध्ये याच रेव्हरंडनी पुढाकार घेऊन वुडवर्ड ॲव्हेन्यूवर लाखाहून जास्त माणसांचा मोर्चा काढला. मार्टिन ल्यूथर किंग त्यात होते. वॉशिंग्टनच्या प्रसिद्ध भाषणातलं ते स्वप्न त्यांनी दोन महिने आधी डेट्रॉइटमध्ये बोलून दाखवलं होतं.

चर्चच्या दारात पांढरे हातमोजे घातलेल्या एका आजींनी आमचे हात हातात घेतले आणि मधल्या रांगेत नेऊन बसवलं. दोन साडीवाल्या कुठून आल्या, हे कुणी विचारलं नाही. प्रवचन साध्या बोलण्यात सुरू झालं. हळूहळू बोलण्याला सूर लागला, ऑर्गन मागून वाक्यं उचलायला लागला, आणि लोक बसल्या जागेवरून दाद देऊ लागले. बोलणं संपून गाणं कधी सुरू झालं ते कळलंच नाही. मला आमच्या गावचा हरिनाम सप्ताह आठवला. बुवा निरूपण करता करता अभंगावर येतात, टाळकरी ध्रुपद उचलून धरतात आणि सगळा मांडव एका श्वासात येतो, तसं. ताईच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही.

सोल संगीत म्हणजे काय, हे मी आजवर बरंच वाचलं होतं, पण समजलं ते त्या बाकावर. देवाला घालायची हाक माणसाला घातली की त्याचं सोल होतं. अरीथा ही हाक वडिलांच्या चर्चमध्ये शिकली. 1942मध्ये मेम्फिसला जन्म, चार वर्षांची असताना डेट्रॉइट, दहाव्या वर्षाच्या आत आई गेलेली. पियानो ती कानानेच शिकली. चौदाव्या वर्षी चर्चमधल्या तिच्या गाण्यांचं ध्वनिमुद्रण झालं.

पुढे न्यूयॉर्कला कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीत सहा वर्षं गेली. गाणी चांगली होती, पण तिचा आवाज जिथून येतो ती जागा त्यांना सापडली नाही. 1967मध्ये अटलांटिक या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीसाठी ती स्वतः पियानोवर बसून गायली, आणि सगळं बदललं. 'रिस्पेक्ट' हे मुळात ओटिस रेडिंग या गायकाचं गाणं. घरी दमून येणारा पुरुष त्यात मान मागतो. अरीथाने तेच गाणं बाईच्या तोंडी दिलं, त्या शब्दाचं एकेक अक्षर सुटं करून म्हटलं, मागे बहिणींना उभं केलं, आणि ती मागणी साऱ्या बायकांची आणि साऱ्या कृष्णवर्णीयांची झाली. 18 ग्रॅमी, रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये प्रवेश मिळालेली पहिली स्त्री, हे सगळं पुढचं.

मला मात्र तिच्या पर्सबद्दल सांगायचंय. अरीथा मानधन आधी आणि रोख घ्यायची, आणि पर्स बरोबर घेऊनच स्टेजवर यायची. 2015मध्ये ओबामा समोर बसलेले असताना ती आली, पर्स पियानोवर ठेवली आणि मग गायला बसली. लोक याला लहर म्हणतात. मला तसं वाटत नाही. गाऊन घेतलं आणि पैसे बुडवले, हा अनुभव तिच्या आधीच्या कितीतरी कृष्णवर्णीय कलावंतांनी घेतला होता. ती त्यांच्याकडून शिकली होती.

आणि हीच पर्स उघडायची तेव्हा मोकळ्या हाताने उघडायची. किंग यांच्या चळवळीसाठी निधी हवा असला की ती गायला जायची. 1970मध्ये कृष्णवर्णीयांच्या चळवळीतली कार्यकर्ती अँजेला डेव्हिस तुरुंगात होती. तिचा जामीन मी भरते, अडीच लाख डॉलर लागले तरी, असं अरीथाने जाहीर केलं. वडिलांना ते पटलं नव्हतं. त्यांचा मान ठेवून ती म्हणाली की मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे. कारणही तिने सरळ सांगितलं: हा पैसा मला माझ्या लोकांनी दिला, तो त्यांच्यासाठीच वापरायचा. पुढे 1972मध्ये जामीन मंजूर झाला तेव्हा अरीथा देशाबाहेर होती आणि पैसे कॅलिफोर्नियातल्या एका शेतकऱ्याने उभे केले. तरी तिचा शब्द जिथे उच्चारायचा तिथे उच्चारून झाला होता, आणि 'रिस्पेक्ट'च्या पाठीशी काय उभं होतं ते मला त्यात दिसतं.

चर्चमध्ये दानाचं ताट रांगेतून फिरत आलं. माझ्या शेजारच्या बाईंनी घडी घातलेली नोट अलगद ठेवली, आपल्याकडे आरतीच्या ताटात ठेवतो तशी.

दुपारी आम्ही वुडलॉन स्मशानभूमीत गेलो. 2018च्या ऑगस्टमध्ये अरीथा गेली, ती इथे वडिलांच्या आणि भावंडांच्या सोबत आहे. बसमधली जागा गोऱ्या माणसासाठी सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्सही इथेच. आत गार, शांत. ताईने चपला काढायला वाकून मग हात मागे घेतला. काहीच न बोलता आम्ही बराच वेळ उभ्या होतो.

निघताना फ्रीवेवर फ्लिंटची पाटी लागली. ते शहर इथून उत्तरेला तासाभरावर. 2014मध्ये नदीचं पाणी नळाला जोडलं आणि घराघरांत शिसं गेलं. 2016च्या जानेवारीत, पंचाहत्तरीकडे झुकलेल्या अरीथाने सांगितलं की फ्लिंटच्या पंचवीस ते पन्नास माणसांची डेट्रॉइटमध्ये राहायची-जेवायची सोय मी करते. एवढ्या मोठ्या शहरापुढे पन्नास माणसं म्हणजे किती थोडी. पण मला तो आकडा फार आवडतो. आपल्या घरी किती पाहुणे मावतील हे मोजून आमंत्रण देणाऱ्या बाईचा तो आकडा आहे.

ताईने पाटीकडे पाहिलं आणि विचारलं, "पुढच्या रविवारी आईला घेऊन येऊ या चर्चमध्ये? तिला आवडेल गं."