मसुदा कोणी लिहिला, हे विचारा

आज नागपुरात सिव्हिल लाइन्सपासून वाडीपर्यंत मुलाखतीच मुलाखती. प्रश्न एकच: तीन ते सहा वर्षांच्या लेकरांचं शिक्षण ठरवतं कोण? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला. पण अंगणवाडी महिला व बालविकासकडे आणि पहिली-दुसरी शालेय शिक्षणकडे. त्यामुळे मुलाखतींच्या यादीत दोन्ही खाती हवीतच.

"तुमचं मत काय?" असं विचारलं की साहेब शासन निर्णयाचीच भाषा परत ऐकवतात. त्याऐवजी तो शासन निर्णय छापून समोर ठेवायचा. पहिला मसुदा कोणाचा, बैठकीत कोण होतं, कोणती ओळ गळली, कोणाच्या सांगण्यावरून? कागदावर बोट ठेवलं की आठवण बरोबर जागी होते.

सेविकाताईंशी पर्यवेक्षिका बाजूला बसलेली असताना बोलू नये, उत्तरं बदलतात. खिचडी वाटून झाल्यावर जावं. एका हातात पोषण ट्रॅकर हे अंगणवाडीच्या नोंदींचं सरकारी अ‍ॅप उघडलेला फोन, मांडीवर रजिस्टर, तीच नोंद दोनदा. वरच्या निर्णयाचं वजन तिथे दिसतं.

एकाने सुचवलेल्या माणसांकडेच जात राहिलं तर सगळे एकाच गोटातले निघतात. म्हणून खातं, युनियन आणि संस्था अशा तिन्ही टोकांनी सुरुवात करावी. हिवाळी अधिवेशनात अधिकारी सापडत नाहीत, पण युनियनची मंडळी मोर्चाला नागपुरातच असतात.

आणि नाव लपवून "अमुक तालुक्याचे बालविकास प्रकल्प अधिकारी" लिहिलं, तर काहीच लपत नाही. तालुक्यात त्या खुर्चीवर बहुतेक एकच माणूस असतो. तालुकाही गाळावा.